१२७ विरुद्ध १०८

ऑगस्ट १९०४. रशिया आणि जपान यांचं युद्ध पेटलेलं. दोन्हीकडची शेतकऱ्यांची पोरं मंचुरियात एकमेकांवर गोळ्या झाडत होती. त्याच महिन्यात ॲमस्टरडॅममध्ये जगभरच्या समाजवादी पक्षांचं अधिवेशन भरलं होतं. व्यासपीठावर रशियाचे प्लेखानोव्ह आणि जपानचे सेन कातायामा शेजारी शेजारी बसलेले. दोघं उठले आणि भर सभेत त्यांनी हातात हात घेतला. सभागृहात टाळ्या काही केल्या थांबेनात.

याच अधिवेशनात पांढऱ्या दाढीचे एक पारशी गृहस्थही बोलले. एकेकाळी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे दादाभाई नौरोजी. वय एकोणऐंशीच्या घरात. ते बोलायला उभे राहिले तेव्हा अध्यक्ष, हॉलंडचे व्हान कोल, यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, आणि सभागृह काही वेळ निःशब्द उभं राहिलं. हिंदुस्थानातल्या दारिद्र्याला दिलेली ती मानवंदना होती.

हे दोन्ही प्रसंग मला फार आवडतात आणि त्यांच्यावर माझा फारसा भरवसाही नाही. का नाही, ते पुढे येईलच. आधी हे समाजवादी लोक जगाकडे कुठल्या चष्म्यातून पाहत होते ते समजून घेऊ.

आपण रोज जे जागतिक राजकारण वाचतो त्यात पात्रं देश असतात. भारत नाराज, चीन आक्रमक, अमेरिका ठाम, अशी. जणू देश म्हणजे एकेक माणूस आणि त्याला एकच मन. आपला ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्दसुद्धा राष्ट्राराष्ट्रांमधलं तेवढं पाहतो, राष्ट्राच्या पोटात काय चाललंय ते पाहत नाही. समाजवादी माणूस इथेच अडवतो. तो विचारतो, ‘भारत नाराज’ म्हणजे नक्की कोण नाराज? गिरणीमालक की गिरणी कामगार? नफा कोणाच्या खिशात गेला आणि बिल कोणाच्या नावावर फाडलं?

वऱ्हाडाचंच उदाहरण घ्या. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून इंग्लंडला जायला सोपं झालं. रेल्वेतला पैसा लंडनच्या भागधारकांचा. त्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली. गाडी तोट्यात चालली तरी पाच टक्के ठरलेले, आणि कमी पडेल ती भर हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा कापूस गाडीत चढत होता, त्याच्याच शेतसाऱ्यातून लंडनच्या भागधारकाचं व्याज भागत होतं. दादाभाई ज्याला संपत्तीचा ओघ म्हणत तो हाच. दादाभाई समाजवादी नव्हते, उदारमतवादी होते. पण त्यांचा हिशेब समाजवाद्यांना लगेच पटला, कारण त्यात ‘इंग्लंड विरुद्ध हिंदुस्थान’ एवढंच नव्हतं, नेमका कोण कोणाच्या जिवावर जगतो हे आकड्यांत मांडलेलं होतं.

याच धाग्यावर पुढे सिद्धान्त उभे राहिले. हॉबसन नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९०२ मध्ये मांडलं की इंग्लंडातल्या कामगाराच्या हातात पैसा नाही, म्हणून घरात माल खपत नाही. मग धनिकांचा साठलेला पैसा बाहेर जागा शोधतो, आणि त्याच्या रक्षणासाठी मागून आरमार जातं. हॉबसन स्वतः उदारमतवादी; त्याचा उपाय साधा होता, घरी मजुरी वाढवा. लेनिनने १९१६ मध्ये झुरिकमध्ये बसून त्याचेच आकडे वापरले आणि निष्कर्ष मात्र उलटा काढला. मजुरी वाढवून हे थांबणार नाही, कारण मोठ्या बँका आणि मोठे कारखाने एक झालेत, जगाची वाटणी पुरी झालीय, आता नवा तुकडा हवा तर दुसऱ्याच्या ताटातूनच ओढावा लागणार. म्हणून युद्ध. यावर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत, पण गाभा एवढाच: युद्ध राजांच्या रागालोभातून होत नाही, हिशेबातून होतं.

ऐकायला हे चोख वाटतं. आता स्टुटगार्टला जाऊ, कारण घोडं तिथे अडलं.

ऑगस्ट १९०७. पंचवीस देशांतून नऊशेच्या आसपास प्रतिनिधी आलेले. इथेच मुंबईत जन्मलेल्या मादाम भिकाजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. वर हिरवा पट्टा, मधे केशरी, खाली लाल, आणि मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’. तो पुढे इंदुलाल याज्ञिकांनी लपवून हिंदुस्थानात आणला आणि आज पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. पुणेकर त्या रस्त्याने रोज जातात. किती जण आत डोकावतात कोण जाणे. शाळेत आपल्याला हा प्रसंग झेंड्यापाशी संपवून शिकवतात. पण बाईंनी झेंडा नेला होता तो राजेरजवाड्यांच्या दरबारात नाही, कामगार पक्षांच्या मेळाव्यात, आणि त्याच मेळाव्यात वसाहतींचं काय करायचं यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं.

भांडण असं. वसाहतींच्या प्रश्नावरच्या समितीत बहुमताने एक मसुदा तयार झाला. त्याचा आशय: प्रत्येक वसाहतधोरणाला आम्ही तत्त्वतः आणि कायमचा विरोध करत नाही; समाजवादी राजवटीत वसाहती सुधारणेचं कामही करू शकतील. मसुद्यामागे मुख्य माणूस कोण? तेच व्हान कोल, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी दादाभाईंसाठी सभागृह उभं केलं होतं. जावा बेटावर सरकारी अभियंता म्हणून नोकरी केलेला माणूस. जर्मनीच्या काउट्स्कीने विचारलं, वसाहतींवर राज्य कशाला करायचं, मित्र म्हणून त्यांना यंत्रं, अवजारं द्या ना. यावर व्हान कोलनी टर उडवली: आफ्रिकेतल्या लोकांना यंत्र नेऊन दिलं तर ते त्याच्याभोवती नाचतील, नाहीतर आपल्यालाच मारून खातील.

मतदान झालं. मतं माणशी नव्हती. देशाच्या आणि चळवळीच्या आकाराप्रमाणे दोनपासून वीसपर्यंत वाटलेली. जर्मनीची वीसच्या वीस मतं वसाहतींना पूर्ण नकार द्यायला तयार नसलेल्या बाजूला पडली. ब्रिटन आणि फ्रान्सची फुटली. वसाहती नसलेले किंवा स्वतःच दुसऱ्याच्या टाचेखाली असलेले छोटे देश आणि रशिया दुसऱ्या बाजूला गेले. स्वित्झर्लंड दहा मतं घेऊन तटस्थ. निकाल: वसाहतवादाला साफ नकार देणारी १२७, विरोधात १०८.

माझ्या मते समाजवादी राजकारणाची सगळी ताकद आणि सगळी गोची या दोन आकड्यांत सापडते. १२७ लहान नाही. त्या काळी युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या राजकीय प्रवाहाने वसाहतवाद मुळातच वाईट असं बहुमताने म्हटलं होतं? पण १०८ जास्त बोलका आहे. जगातल्या कामगारांनी एक व्हावं म्हणणाऱ्या पक्षांतसुद्धा, ज्यांच्या देशाकडे वसाहती होत्या त्यांची मतं वसाहतींकडे झुकली. जर्मन पक्षाचं दुखणं तर ताजं होतं. नैर्ऋत्य आफ्रिकेत जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल चालवली होती. पक्षाने त्या धोरणाला विरोध केला, सरकारने देशद्रोहाची आवई उठवून जानेवारी १९०७ मध्ये निवडणूक घेतली, आणि पक्षाच्या जागा ८१ वरून ४३ वर आल्या. तत्त्वाची किंमत काय पडते ते सात महिन्यांपूर्वीच कळलेलं होतं.

पुढच्याच वर्षी या गोष्टीत मुंबई आली. २२ जुलै १९०८ च्या रात्री टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस. गिरणगावात संप सुरू झाला आणि सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवस या हिशेबाने चालला. रत्नागिरीकडून आणि घाटावरून आलेली माणसं, गिरणीतून बाहेर पडून लष्कराच्या गोळ्यांसमोर उभी राहिली, काही मेलीही. तेव्हा जीनिव्हात राहणाऱ्या लेनिनने दोन आठवड्यांच्या आत त्यावर लिहिलं. आशय असा की हिंदुस्थानातला कामगार आता राजकीय लढ्याला उतरण्याइतका जागा झाला आहे, आणि तसं असेल तर ब्रिटिश राजवटीचे दिवस भरले.

हे वाचताना मराठी माणसाची छाती फुगते, फुगू द्यावी. पण बारकाईने पाहिलं तर लेनिनला जे दिसलं आणि गिरणगावात जे घडलं ते तंतोतंत एक नाही. तो संप मजुरीसाठी नव्हता, मालकाविरुद्धही नव्हता. तो एका राष्ट्रीय पुढाऱ्यासाठी होता, आणि टिळक काही समाजवादी नव्हते. वर्ग आणि देश या दोन गोष्टी जीनिव्हातून एकच दिसत होत्या. परळमध्ये त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. तरी लेनिनला एक गोष्ट अचूक दिसली, जी स्टुटगार्टच्या १०८ मतांना दिसत नव्हती. वसाहतीतला माणूस कोणी येऊन आपली सुधारणा करेल म्हणून वाट पाहत बसलेला नाही, तो स्वतःच कर्ता आहे.

आणि मग १९१४.

स्टुटगार्टला युद्धाविषयीही ठराव झाला होता. युद्ध होऊ द्यायचं नाही, झालंच तर ते लवकर थांबवायचं, आणि त्या गोंधळाचा फायदा घेऊन भांडवलशाही उलथवायला लोकांना उठवायचं. शेवटचा भाग जर्मन पक्षातल्या जहाल रोझा लक्झेंबर्ग आणि रशियाचे लेनिन व मार्तोव्ह यांनी घालून घेतलेला. जर्मन पक्ष तेव्हा जगातला सगळ्यात मोठा समाजवादी पक्ष. १९१२ च्या निवडणुकीत दर तीन मतांमागे एक मत त्याला, संसदेत ११० जागा, दहा लाखांवर सदस्य. हा पक्ष अडून बसला तर युद्ध रेटणं कैसरला अवघड गेलं असतं, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

३१ जुलैला पॅरिसमध्ये, युद्ध टाळायला जिवाचं रान करणारे फ्रान्सचे समाजवादी पुढारी जाँ जोरेस एका कॅफेत जेवत बसले असताना खिडकीतून झाडलेल्या गोळीने मेले. ३ ऑगस्टला बर्लिनमध्ये समाजवादी खासदारांची आतली बैठक झाली. युद्धखर्चाला मंजुरी द्यायची? ७८ जण हो म्हणाले, १४ नाही. दुसऱ्या दिवशी पक्षशिस्त म्हणून सगळ्यांनी हो केलं. पक्षाचं निवेदन वाचून दाखवायचं काम हुगो हासे यांच्यावर आलं. ते त्या १४ जणांतले. संकटाच्या घडीला आम्ही मायभूमीला वाऱ्यावर सोडणार नाही, हे वाक्य त्यांना, मनाविरुद्ध, भर सभागृहात वाचावं लागलं. ही बातमी असलेला पक्षाच्या दैनिकाचा अंक हाती आला तेव्हा लेनिनला तो बनावट वाटला म्हणतात.

फ्रान्समध्ये तेच, ऑस्ट्रियात तेच. ज्याच्यावर पहिला हल्ला झाला त्या सर्बियात मात्र दोन समाजवादी खासदारांनी विरोधात मत दिलं. रशियाच्या समाजवादी खासदारांनीही मंजुरी दिली नाही.

हे का झालं? लेनिनचं उत्तर: वसाहतींच्या लुटीतला तुकडा टाकून पुढारी आणि वरच्या थरातले कामगार विकत घेतले गेले. काउट्स्कीचं उत्तर वेगळं. त्याला वाटत होतं की बड्या देशांचे भांडवलदार उद्या आपसात तडजोड करून जग मिळून खातील. साम्राज्य म्हणजे युद्ध झालंच पाहिजे असं नाही. (१९४५ नंतरचं पश्चिम युरोप आणि अमेरिकेचं साटंलोटं पाहिलं तर त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही, जरी १९१४ च्या सप्टेंबरात ते छापून यावं यासारखा वाईट मुहूर्त नाही.)

मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. बर्लिनचा सुतार विकला गेलेला नव्हता. त्याच्याकडे १८८३ पासून आजारपणाचा विमा होता, पुढे म्हातारपणाची पेन्शन आली, पोरांना शाळा होती, संसदेसाठी मत होतं. हे त्याला कोणी भीक म्हणून दिलं नव्हतं. त्याच्याच चळवळीच्या धाकाने बिस्मार्कला द्यावं लागलं होतं. आणि पूर्वेकडून झारचं सैन्य येणार अशी बातमी होती. कामगाराला देश नसतो, हे ज्या काळी लिहिलं गेलं त्या काळी खरंच त्याचं देशात काही नव्हतं. चळवळ जिंकत गेली तसतसं त्याचं देशात काहीतरी झालं, आणि जे आपलं आहे ते राखायला माणूस धावणारच. समाजवाद्यांना त्यांच्या यशानेच अडकवलं.

दुसरी अडचण आपल्या जवळची. ‘कामगार’ नावाचा एकसंध प्राणी असतो का? मुंबईत १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, सहा महिने चालला. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विचारलं की अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात, म्हणजे विणकामावर, का घेत नाहीत? तिथे पगार जास्त. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि सवर्ण साचेवाल्याला विटाळ होतो. एका गिरणीच्या छपराखाली, एका भोंग्यावर कामाला येणाऱ्यांना एक धोटा चालत नव्हता. मग बर्लिनच्या आणि पॅरिसच्या कामगाराने एकमेकांसाठी सरकार अंगावर घ्यावं ही अपेक्षा किती मोठी होती ते कळतं.

१९१४ नंतर घर फुटलं. एक वाट निवडणुकीची: पायरी पायरीने सत्तेत जाऊ, कायदे बदलू. दुसरी क्रांतीची: रशियात १९१७ मध्ये जमलं, इतरत्रही जमेल. दोन्ही वाटांची परीक्षा आपल्याकडे झाली, आणि निकाल फार सुखाचा नाही.

पहिली वाट. जून १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये रॅम्से मॅकडोनल्ड यांचं मजूर पक्षाचं सरकार आलं. मॅकडोनल्ड म्हणजे १९१४ मध्ये युद्धाला विरोध करून पक्षाचं नेतेपद सोडलेला माणूस, उगीच कोणी संधिसाधू नव्हे. पण याच सरकारच्या काळात मीरतचा खटला चालू राहिला. मार्चमध्ये, आधीच्या सरकारने, तीसहून जास्त कामगार पुढारी पकडले होते. आरोपींत मुंबईचे डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे, आणि तीन इंग्रजही. आरोप, सम्राटाची हिंदुस्थानावरची सत्ता हिसकावण्याचा कट. लंडनमध्ये मजूर पक्ष, मीरतच्या तुरुंगात मजूर पुढारी. मे १९३० मध्ये सोलापूरला, गिरण्यांच्या गावाला, लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. लंडनला सरकार अजूनही मजूर पक्षाचंच. माणसं बदलली, सरकारी फाइल तीच राहिली. समाजवाद्यांमधला जहाल गट म्हणतो ते हेच: खुर्चीवर कोण बसलंय यापेक्षा खुर्ची कशासाठी केलेली आहे ते बघा.

दुसऱ्या वाटेवर वेगळाच खड्डा होता. क्रांती एकाच देशात टिकली, मग त्या देशाला वाचवणं हीच जगभरच्या कम्युनिस्टांची पहिली जबाबदारी ठरली. १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार केला तेव्हा युद्ध साम्राज्यशाही होतं. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला, आणि काही महिन्यांत तेच युद्ध लोकयुद्ध झालं. फॅसिझमविरुद्ध उभं राहायलाच हवं होतं, यात वाद नाही. पण परिणाम असा की १९४२ मध्ये गोवालिया टँकवर ‘चले जाव’ची हाक उठली तेव्हा कम्युनिस्ट पक्ष आंदोलनाबाहेर राहिला. गिरणगावात वर्षानुवर्षं घाम गाळून मिळवलेली इज्जत त्यामुळे उणावली, आणि विरोधक अजून ते उगाळतात. आंतरराष्ट्रीय दृष्टी म्हणून सुरुवात झाली, आणि शेवटी ती एका राष्ट्राची परराष्ट्रनीती झाली.

तिसरा सूर लोहियांचा. तो मला सगळ्यात ताजा वाटतो, आणि मराठी समाजवाद्यांचा त्याच्याशी घरोबाही होता. लेनिनने साम्राज्यशाहीला भांडवलशाहीची शेवटची पायरी म्हटलं होतं. लोहिया म्हणाले, शेवटची कसली? ही तर जुळी भावंडं. मँचेस्टरचा कारखाना आणि बंगालची लूट एकाच वेळी सुरू झाली. एकाशिवाय दुसरं वाढलंच नसतं. याचा अर्थ युरोपात आधी भांडवलशाही पिकेल, मग क्रांती होईल, मग आपली सुटका, ही रांगच चुकीची. आपली सुटका आपणच सुरू करायची. आजारपणातून उठून विश्रांतीला गोव्यात गेलेला हा माणूस १८ जून १९४६ रोजी मडगावात बंदी मोडून सभेला उभा राहिला, तो याच हिशेबाने. पोर्तुगालमध्ये काय पिकलंय याची वाट त्यांनी पाहिली नाही.

ॲमस्टरडॅमच्या त्या दोघांचं पुढे काय झालं? प्लेखानोव्हनी १९१४ मध्ये रशियाच्या युद्धाची बाजू घेतली आणि १९१८ मध्ये, रशियात क्रांती होऊन गेल्यावर, तिच्या विरोधात राहूनच ते वारले. कातायामा मायदेश सोडून अमेरिकेमार्गे मॉस्कोला गेले. १९३३ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या आहेत. तोवर जपानी फौजांनी मंचुरिया पुन्हा घेतला होता.